आधी निगेटिव्ह वाचा, मग कॅमेरा विकायचे ठरवा

पत्र : मामांनी त्यांचा जुना मिनोल्टा एसआरटी १०१ हा फिल्म कॅमेरा, त्याच्या ५५ मिलिमीटरच्या लेन्ससह, मला दिला. आजवर मी फोटो काढले ते मोबाइलवरच. पहिला रोल धुऊन आला तो पूर्ण कोरा. तो रिवाइंड करताना नॉब दोन-तीन फेऱ्यांतच मोकळा फिरू लागला होता. दुसऱ्या रोलवर चित्रे आली, पण बहुतेक काळपट आणि राखाडी. उन्हात काढलेल्या चार-पाच फोटोंची एक बाजू साफ काळी, आणि काहींवर तांबूस-केशरी पट्टे. उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल मी नवा, जागेत बसेल असा पाहून घातला आहे, तरी कॅमेऱ्याचा मीटर आणि मोबाइलमधले मीटरचे ॲप यांचा मेळ बसत नाही. मित्र म्हणतात, हा विकून एखादा ऑटोमॅटिक फिल्म कॅमेरा घे. एकाचे म्हणणे असे की दोष लेन्सचा असावा, २८ आणि १३५ मिलिमीटरच्या लेन्स विकायला आहेत त्या घ्याव्यात. पुढच्या महिन्यात विमानाने प्रवासाला जायचे आहे, आणि सध्या कॅमेऱ्यात तिसरा रोल अकराव्या फ्रेमवर आहे. काय करावे? दोन्ही रोलच्या निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडासमोर धरून त्यांचे फोटो काढले आहेत, ते सोबत जोडत आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची ओळ शेवटची आहे. फिल्मवर काढलेले फोटो बिघडले की बहुतेक जण लॅबकडून आलेले स्कॅन पाठवतात आणि 'काय चुकले' असे विचारतात. पण स्कॅनर आपल्या परीने प्रत्येक चित्र उजळवतो, रंग सावरतो, आणि त्या सावरण्यात दोषाची खूण पुसली जाते. निगेटिव्ह मात्र काहीही लपवत नाही. तुम्ही पट्ट्या पाठवल्यामुळे मला अंदाज बांधत बसावे लागले नाही. तुमच्या चार तक्रारींना चार वेगवेगळी कारणे आहेत, त्यांतल्या तीन कारणांसाठी कॅमेरा दुरुस्तीला देण्याची गरज नाही, आणि लेन्सचा संबंध त्यांतल्या एकाशीही दिसत नाही.

पहिल्या कोऱ्या रोलपासून सुरुवात करू. कोरी पट्टी पाहताना नजर मधल्या मोकळ्या जागेकडे न नेता काठाकडे न्यावी. फिल्मच्या काठावर तिचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, आणि ते फिल्म धुतल्यावरच दिसू लागतात. तुमच्या पहिल्या पट्टीवर हे आकडे स्वच्छ, ठसठशीत दिसत आहेत, म्हणजे लॅबने रोल नीट धुतला होता. काठही कोरा असता तर रसायनांत गडबड झाली असे म्हणता आले असते, आणि पट्टी संपूर्ण काळी असती तर तिला कुठेतरी उजेड लागला असे. आकडे आहेत पण चित्र नाही, याचा अर्थ फिल्मपर्यंत लेन्समधून उजेड पोहोचलाच नाही. एक तर शटर, म्हणजे फिल्मसमोरचा पडदा, उघडत नव्हते, किंवा फिल्म पुढे सरकतच नव्हती. दुसऱ्या रोलवर चित्रे उमटली, तेव्हा शटर उघडते हे उघड आहे. राहिले दुसरे कारण, आणि त्याचा पुरावा तुम्हीच दिला आहे : ३६ फ्रेमचा रोल खरोखर पुढे गेलेला असेल तर तो परत गुंडाळायला नॉब पुष्कळ वेळ फिरवावा लागतो, तुमचा दोन-तीन फेऱ्यांत मोकळा झाला, कारण गुंडाळायला डबीबाहेर आलेले जेमतेम टोकच होते.

ही चूक मीही केली आहे, आणि तीही असा एक दिवस निवडून, की जो पुन्हा येणार नव्हता. मोजणीचा आकडा ३६ च्या पुढे गेला, ३७ झाला, ३८ झाला, तेव्हा रोलमध्ये दोन फ्रेम जास्तीच्या निघाल्या म्हणून मला आनंद होत होता. चाळिसाव्या फ्रेमला आनंदाची जागा शंकेने घेतली. फ्रेम मोजणारी तबकडी फिल्म पुढे ओढणाऱ्या लिव्हरबरोबर फिरते, फिल्मबरोबर नव्हे. आत फिल्म असो वा नसो, ती आपली पुढे जात राहते. म्हणून तिच्यावर विश्वास न ठेवता रिवाइंडच्या नॉबवर ठेवावा. फिल्मचे टोक उजवीकडच्या स्पूलच्या फटीत नीट खोचावे, मागचे झाकण उघडे असतानाच लिव्हर एकदा ओढून दोन्ही काठांची भोके दात्यांवर बसली आहेत याची खात्री करावी, मग झाकण लावून रिवाइंडचा नॉब अगदी हलक्या हाताने बाणाच्या दिशेने फिरवावा, म्हणजे आतली ढिलाई निघून जाते आणि नॉब अडतो. यानंतर लिव्हर ओढताना तोच नॉब आपणहून उलट दिशेने फिरला पाहिजे. तो फिरला तर फिल्म पुढे जाते आहे. न फिरल्यास झाकण उघडून पुन्हा घालावी, पहिल्या एक-दोन फ्रेम वाया जाण्यापलीकडे काही बिघडत नाही. पुढेही पाच-सहा फ्रेमनंतर एकदा त्याच्याकडे नजर टाकण्याची सवय ठेवावी.

आता दुसऱ्या रोलचा काळपटपणा. त्या पट्टीवरच्या फ्रेम इतक्या फिक्या आहेत की सावलीच्या जागी फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसते आहे. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असल्यामुळे फिकी निगेटिव्ह म्हणजे कमी मिळालेला उजेड. ज्या सावलीत फिल्मवर काहीच नोंदले गेले नाही, तिथे स्कॅनर ओढूनताणून राखाडी रंग भरतो, आणि त्यालाच तुम्ही 'काळपट आणि राखाडी' म्हणता आहात. एखादीच फ्रेम अशी असती तर ती चूक ठरली असती; एकजात सगळ्या फ्रेम फिक्या असतील तर उजेड मोजणाराच चुकतो आहे असे समजावे. तुमच्या कॅमेऱ्यात तो का चुकतो, हे तुम्ही घातलेल्या सेलमुळे कळते.

हा कॅमेरा १९६६ साली बाजारात आला. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांप्रमाणे त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी जुळवलेला आहे. पाऱ्याचा सेल संपेपर्यंत आपला विजेचा दाब जवळजवळ सारखा ठेवत असे, म्हणून त्या वेळच्या कॅमेऱ्यांत दाब स्थिर राखणारी वेगळी योजना सहसा केलेली नसते. पाऱ्याच्या विषारीपणामुळे हे सेल पुढे बंद झाले. आज त्याच आकाराचा मिळतो तो अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो. जास्त दाबामुळे मीटरचा काटा आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो, तुम्ही कॅमेऱ्यातून दिसणारा काटा आणि वर्तुळ जुळवून प्रामाणिकपणे लेन्सचे छिद्र लहान करता किंवा शटरचा वेग वाढवता, आणि फिल्मला उजेड कमी मिळतो. शिवाय अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर हळूहळू उतरत जातो, त्यामुळे आजची चूक आणि महिन्याभरानंतरची चूक सारखी नसते. फिल्मचा वेग (आयएसओ, म्हणजे उजेडाला प्रतिसाद देण्याची तिची क्षमता) तबकडीवर कमी लावून ही चूक भरून काढावी असा उपाय सुचवला जातो, पण भर उन्हातली चूक आणि संधिप्रकाशातली चूक यांचे प्रमाण एकच नसल्यामुळे मला तो पटत नाही.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे श्रवणयंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल. त्याचा दाब साधारण १.४ व्होल्ट असतो आणि बराच काळ स्थिर राहतो. तो मूळ सेलपेक्षा लहान असल्यामुळे भोवती एक कडे घालावे लागते. रबराचे योग्य मापाचे वायसर चालते, आणि उंची कमी पडल्यास ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाची छोटी घडी खाली ठेवता येते. वरचे लेबल काढल्यावर हवा लागून हा सेल सुरू होतो आणि नंतर कॅमेरा वापरा वा न वापरा, काही आठवडे किंवा महिन्यांत संपतो. दुसरा मार्ग असा की सिल्व्हर ऑक्साइडचा १.५५ व्होल्टचा सेल आणि दाब कमी करणारा डायोड बसवलेला अडॅप्टर वापरावा. काहीही केले तरी कॅमेऱ्याच्या तळावरचा मीटरचा स्विच काम झाल्यावर बंद करायला विसरू नये, आणि कॅमेरा बरेच दिवस ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवावा. गळलेल्या सेलने जितके कॅमेरे खराब झाले आहेत तितके खाली पडून झाले नसतील, असे माझे मत आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : तुमच्या कॅमेऱ्याचे शटर संपूर्ण यांत्रिक आहे. सेल केवळ मीटरचा काटा हलवतो. सेल काढून टाकला तरी एका सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वेग चालतात. त्यामुळे योग्य सेल मिळेपर्यंत फोटो काढणे थांबवण्याचे कारण नाही. मोबाइलमधले मीटर चांगल्यापैकी विश्वासार्ह असते, आणि तेही नको असेल तर छायाचित्रकारांच्या पिढ्यांनी वापरलेला भर उन्हाचा नियम आहे : छिद्र एफ/१६ वर (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ठेवावे आणि वेग फिल्मच्या आयएसओच्या जवळचा घ्यावा, म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला १/१२५. उन्हाला पातळ ढगांची झालर आली की एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट), आभाळ भरून आले की दोन ते तीन स्टॉप, मोकळ्या सावलीत तीन स्टॉप छिद्र मोठे करावे. निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड सहज पचवते आणि कमी उजेडाला माफ करत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा एक स्टॉप जास्त द्यावा. पारदर्शिकेच्या, म्हणजे स्लाइडच्या, फिल्मचा स्वभाव बरोबर उलटा आहे, पण कॅमेऱ्याची ओळख होत असताना तिच्या वाटेला जाऊ नये.

मीटरबद्दल आणखी एक, कारण ते तुमच्या एका पट्टीवर दिसते आहे. या कॅमेऱ्यात प्रिझमवर, म्हणजे दृश्य डोळ्यापर्यंत पोहोचवणाऱ्या वरच्या काचेवर, दोन प्रकाशसंवेदी घटक आहेत. चित्राच्या वरच्या भागातले उजळ आकाश मीटरची फसवणूक करू नये म्हणून ते एकमेकांना जोडलेले आहेत. ही योजना कॅमेरा आडवा धरला तरच अर्थपूर्ण ठरते. उभ्या धरून काढलेल्या तुमच्या तीन फ्रेम शेजारच्या आडव्या फ्रेमपेक्षाही फिक्या आहेत. उभे चित्र घ्यायचे असेल तेव्हा आधी कॅमेरा आडवा धरून, थोडा खाली झुकवून मोजावे, आणि मग उभा करावा.

तिसरी तक्रार, म्हणजे एका बाजूने काळे झालेले फोटो, हा या कॅमेऱ्याचा एकमेव खरा आजार आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. शटर म्हणजे कापडाचे दोन पडदे. पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा त्याच्यामागून येऊन ती झाकतो. फ्रेमची रुंदी ३६ मिलिमीटर. पडद्याला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जायला या प्रकारच्या शटरमध्ये साधारण सेकंदाचा साठावा-सत्तरावा भाग लागतो. मग १/१००० सेकंदाचा फोटो निघतो कसा? पहिला पडदा निघाल्यावर लगेचच दुसरा निघतो, आणि दोघांच्या मधली दोन-अडीच मिलिमीटरची फट फिल्मवरून झाडूसारखी फिरते. प्रत्येक बिंदूला १/१००० सेकंदच उजेड मिळतो, पण सगळ्या फ्रेमला एकाच वेळी नाही. आता अशी कल्पना करा की पन्नासहून अधिक वर्षांत पहिल्या पडद्याच्या रुळांवरचे वंगण सुकले आहे आणि तो किंचित रेंगाळतो. दुसरा मागून त्याच वेगाने येतो. सुरुवातीला अडीच मिलिमीटरची असलेली फट वाटेत अरुंद होत जाते आणि शेवटच्या टप्प्यात मिटून जाते. निगेटिव्हचा तेवढा भाग कोरा राहतो, म्हणजे फोटोत काळा दिसतो. १/१२५ ला हीच फट वीस मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी डोळ्याला कळत नाही.

म्हणूनच दोष फक्त उन्हातल्या फोटोंत दिसला : तुमच्या पत्रात वेगांची नोंद नाही, पण फिल्म ४०० आयएसओची असेल तर कडक उन्हात तुम्ही ५०० आणि १००० हेच आकडे लावले असणार. फ्लॅश वापरून १/६० पेक्षा जास्त वेग लावला तरी अर्धी फ्रेम काळी येते, पण तुमच्या उन्हातल्या फोटोंना फ्लॅश नसल्यामुळे ती शक्यता सोडून देऊ. खात्री घरीच करता येते. तिसरा रोल निघाल्यावर रिकाम्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडावे, लेन्स काढावी, उजळ खिडकीसमोर कॅमेरा धरून मागून पाहत १/१००० ला शटर सोडावे. निरोगी शटरमध्ये क्षणभर संपूर्ण चौकट सारख्या उजेडाने चमकून जाते. तुमच्यात एका बाजूची कड अंधारी राहील असा माझा अंदाज आहे. लागोपाठ तीस-चाळीस वेळा शटर चालवल्यावर कधी कधी ते थोडे मोकळे होते, कारण वापराविना पडून राहणे हेच या यंत्राचे मोठे दुखणे असते. पण तेलाचा थेंब टाकण्याचा मोह अजिबात करू नये. टाकलेले तेल जिथे हवे तिथे थांबत नाही. ते पडद्यावर, आरशावर आणि लेन्सच्या छिद्राच्या पात्यांवर जाऊन बसते आणि दुरुस्ती करणाऱ्याचे काम दुप्पट करते.

केशरी पट्टे याउलट अगदी किरकोळ बाब आहे. मागच्या झाकणाच्या खाचांत आणि बिजागरीपाशी उजेड अडवण्यासाठी फोम बसवलेला असतो. काही दशकांत त्याचा काळा, चिकट चिखल होतो आणि फटीतून उजेड आत शिरतो. पट्टा केशरीच का, पांढरा का नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल रंगाला प्रतिसाद देणारा थर सर्वांत खाली, फिल्मच्या पाठीला लागून असतो; उजेड पाठीमागून घुसला की तो आधी याच थराला गाठतो. त्यामुळे केशरी पट्टा दिसला की झाकणाकडे बोट दाखवावे, लेन्सकडे नव्हे. दारात उभे राहून काढलेल्या तुमच्या फ्रेमवर पट्टा पुसट आहे आणि बाहेर उन्हात बराच वेळ कॅमेरा गळ्यात असताना मध्ये राहिलेल्या फ्रेमवर गडद, हेही त्याच्याशी जुळते.

फोम बदलणे घरी जमण्यासारखे आहे. लाकडी काडीने जुना फोम खरवडावा, उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावा, आणि बिजागरीच्या बाजूला दीड-दोन मिलिमीटर जाडीचा नवा फोम, लांब खाचांत काळी लोकर किंवा पातळ पट्टी बसवावी. हे करताना शटरच्या पडद्यावर कागदाचा तुकडा ठेवावा, चिकटवू नये; पडद्याला बोट लागणार नाही आणि चिखलाचे कण त्यावर पडणार नाहीत. समोरून पाहिल्यास आरशाच्या वरच्या बाजूलाही फोमची एक पट्टी दिसेल. आरसा वर जाऊन आपटतो तेव्हा त्याला झेलण्याचे काम ती करते. ती झडू लागली असेल तरच बदलावी, आणि आरसा मात्र पुसू नये : त्याचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या पृष्ठभागावर असतो आणि मऊ कापडानेही ओरखडतो. आरशावर धूळ दिसली तरी फोटोत ती येत नाही. हे सगळे होईपर्यंत झाकणाच्या फटीवरून बाहेरून काळी चिकटपट्टी लावून फिरावे. दिसायला वाईट दिसते, पण काम होते.

ऑटोमॅटिक कॅमेऱ्याविषयी तुमच्या मित्रांचा सल्ला चांगल्या हेतूचा असला तरी तो या दोषांचे उत्तर नाही. १९७६ साली आलेल्या कॅनन एई-१ सारख्या कॅमेऱ्यांत शटरचे नियंत्रण विजेवर चालते. सेल संपला की तो कॅमेरा फोटो काढत नाही, आणि आतला विद्युत भाग निकामी झाला तर दुरुस्ती करणाऱ्याकडे दुसरा बिघडलेला कॅमेरा फोडून भाग काढण्याखेरीज फारसा उपाय नसतो. त्याचा फोमही तितकाच म्हातारा असतो. विकत घेतलेल्या अनोळखी कॅमेऱ्याच्या आजारांचा शोध तुम्हाला पहिल्यापासून घ्यावा लागेल. मामांच्या कॅमेऱ्याचे आजार मात्र दोन रोलच्या मोबदल्यात तुम्हाला कळून चुकले आहेत. हातात धरून दर वेळी छिद्र, वेग आणि फोकस तिन्ही स्वतः लावण्याचा तुम्हाला मनापासून कंटाळा येत असेल, तर ती गोष्ट वेगळी, आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. मग कॅमेरा जरूर विकावा, पण विकणाऱ्याने शटरचा दोष घेणाऱ्याला सांगावा.

लेन्स आत्ता घेऊ नका. आपली लेन्स नीट आहे का ते मोबाइलच्या दिव्याने दोन मिनिटांत तपासता येते. छिद्र पूर्ण उघडून एका बाजूने प्रकाश टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरपे पाहावे. कोळिष्टकासारख्या शाखा दिसल्या तर ती बुरशी, एकसारखा धुरकटपणा दिसला तर वाफेचा थर. पात्यांवर तेलाची चमक नसावी. पुढे लेन्स घेण्याची वेळ आलीच तर या कॅमेऱ्याला मिनोल्टाच्या एमसी आणि एमडी लेन्स बसतात. त्याच कंपनीच्या १९८५ पासूनच्या ऑटोफोकस लेन्सची बैठक वेगळी असल्याने त्या बसत नाहीत, नावाला भुलून घेऊ नयेत. आणि कॅमेरा कातडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये. कातडे ओल धरून ठेवते आणि बुरशीला तेच हवे असते.

आता चौथा रोल फोटोंसाठी नव्हे, तपासणीसाठी वापरावा असे मी सुचवतो. १०० आयएसओची फिल्म घ्या, भर उन्हात एखाद्या साध्या भिंतीसमोर उभ्या राहा, आणि १/१२५ ला एफ/१६, १/२५० ला एफ/११, १/५०० ला एफ/८ आणि १/१००० ला एफ/५.६ असे चार फोटो काढा. मग मोकळ्या सावलीतल्या भिंतीसमोर, कॅमेरा कशावर तरी टेकवून, १/१२५ ला एफ/५.६, १/६० ला एफ/८, १/३० ला एफ/११ आणि १/१५ ला एफ/१६. प्रत्येक चौकडीत फिल्मला मिळणारा उजेड सारखाच असल्यामुळे त्या चार निगेटिव्ह सारख्याच गडद निघाल्या पाहिजेत. वेगवान बाजूकडे जाताना एक बाजू उतरत गेली तर पडद्यांचे निदान पक्के झाले. फक्त एफ/१६ ची फ्रेम इतरांपेक्षा गडद आली तर पाती तेलकट होऊन वेळेवर बंद होत नाहीत असे समजावे, आणि तेव्हा मात्र मी लेन्सबद्दलचे माझे म्हणणे मागे घेईन. प्रत्येक फ्रेमची नोंद वहीत करा, आणि लॅबला निगेटिव्ह परत द्यायला आणि शक्य असल्यास स्कॅन न सावरता द्यायला सांगा.

ही पट्टी घेऊन यांत्रिक कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याकडे गेलात तर 'कॅमेरा चालत नाही' असे सांगण्यापेक्षा पुष्कळ पुढे पोहोचाल. साफसफाई, वंगण आणि जुळणी असे एकत्र काम करून घ्यावे आणि त्याच वेळी मीटर आज मिळणाऱ्या सेलसाठी जुळवून द्याल का, असेही विचारावे. एकदा ते झाले की झिंक-एअरची खटपट संपते. या कामाचा खर्च दुसऱ्या तशाच कॅमेऱ्याच्या किमतीएवढा किंवा जास्तही होऊ शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तो दुसरा कॅमेराही तितक्याच वयाचा असेल.

प्रवासापूर्वी दुरुस्ती झाली नाही तरी हा कॅमेरा सोबत न्यायला हरकत नाही, मात्र फक्त याच्याच भरवशावर राहू नका. १०० किंवा २०० ची फिल्म घालून वेग १/२५० च्या वर नेऊ नका, म्हणजे पडद्यांचा दोष वाटेत येणार नाही. विमानतळावर फिल्म हातातल्या सामानात ठेवा, मोठ्या बॅगेत कधीही देऊ नका, आणि ती हाताने तपासण्याची विनंती करा. नव्या सीटी प्रकारच्या क्ष-किरण यंत्रातून गेलेल्या फिल्मवर धूसरपणा येतो, आणि तो धुऊन आल्यावरच दिसतो.

राहिला कॅमेऱ्यातला तिसरा रोल. तो पाहायला झाकण उघडू नका. लिव्हर ओढताना रिवाइंडचा नॉब फिरतो का ते आत्ताच बघा. फिरत असेल तर फटीवर काळी पट्टी लावा, मीटरकडे दुर्लक्ष करून मोबाइलने किंवा उन्हाच्या नियमाने उरलेल्या २५ फ्रेम काढा. ही ४०० ची फिल्म असेल, तर भर दुपार टाळून सावलीत किंवा संध्याकाळी काढा, म्हणजे १/२५० च्या आत राहता येईल. शेवटच्या फ्रेमला लिव्हर मध्येच अडली तर जोर लावू नका. तळाचे छोटे बटण दाबा, रिवाइंडचा नॉब बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. फिल्मचे टोक स्पूलमधून सुटते तेव्हा हाताला आधी थोडा ताण आणि मग एकदम हलकेपणा जाणवतो. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या देऊन मगच झाकण उघडा.